स्कॉटलंडच्या जुन्या कोर्टात 'आरोपी'ला काय काय म्हणायचे? (पॅनेल, हॉर्न, फायलिट, क्लेंझिट वगैरे)

कागदपत्री
नमस्कार मंडळी. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. माझं काम कोर्टाच्या कागदांचं भाषांतर, इंग्रजीतून मराठी आणि उलट, वीस वर्षं होत आली. गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे एडिंबरोला दोन महिने राहिले, ती ऑफिसला गेली की मी लायब्ररीत जाऊन बसायचे. तिथे जुन्या फौजदारी खटल्यांची छापील बाडं हाताशी लागली आणि सवयीने वाचायला घेतली. तर पहिल्याच पानावर अडले. जिथे तिथे 'पॅनेल'. मला वाटलं पॅनेल म्हणजे पंचमंडळी, ज्युरी. पण वाक्यं काही केल्या लागेनात, कारण पॅनेलला तुरुंगातून आणलंय, पॅनेलने गुन्हा नाकबूल केलाय, पॅनेलच्या वकिलाने हरकत घेतलीये. दोन पानं झाल्यावर डोक्यात उजेड पडला की पॅनेल म्हणजे एकटा माणूस, पिंजऱ्यातला, म्हणजे आपला आरोपी.

गंमत बघा, इंग्लंडमध्ये हाच शब्द ज्युरीच्या नावांच्या यादीला. मूळ एकच, कापडाचा छोटा तुकडा, मग नावं लिहायची चर्मपत्राची पट्टी. सीमेच्या अलीकडे त्या पट्टीवर न्याय करणाऱ्यांची नावं आणि पलीकडे ज्याचा न्याय करायचा त्याचं. शतकानुशतकं स्कॉटलंडच्या हायकोर्टात उभा असलेला माणूस 'पॅनेल'च होता, आता सरळ 'अक्यूज्ड' म्हणतात.

पण मला खरं आवडलं ते पुढेच. माणूस एकच पण तो खटल्याच्या कुठल्या पायरीवर उभा आहे त्याप्रमाणे त्याचं नाव बदलतं. कुणीतरी त्याचं नाव वर कळवलं की तो 'डिलेटेड'. अजून काही सिद्ध नाही, समन्स पण नाही, फक्त कुणीतरी नाव घेतलंय. हा शब्द चर्चच्या पंचायतीत, म्हणजे कर्क सेशनमध्ये फार चालायचा, पाद्री आणि गावातले वडीलधारे बसलेत आणि शेजारीण येऊन सांगते की अमकीने माझ्या गाईचं दूध आटवलं. झालं, अमकी डिलेट झाली. नंतर कोर्टाने बोलावलं आणि हजर झाला तर त्याला म्हणायचं 'कंपिअर' झाला. नाही झाला तर त्याला 'हॉर्न'वर चढवायचे, त्याच्याबद्दल खाली लिहिते. उभा राहिला तर पॅनेल. त्याच्यावरच्या आरोपांचा कागद म्हणजे 'डिटे', नंतरच्या काळात 'लायबल'. लायबल म्हटलं की आपल्याला अब्रूनुकसानी आठवते, इथे मात्र सरळ आरोपपत्र, मूळ अर्थ छोटं पुस्तक.

आणि निकाल! सोळाव्या शतकात पंधरा जणांची असाइझ, म्हणजे ज्युरी, आत जाऊन बाहेर यायची आणि सांगायची की हा 'फायलिट' किंवा हा 'क्लेंझिट'. फाइल करणे म्हणजे मळवणे, घाण करणे. क्लेंझ म्हणजे स्वच्छ करणे. दोषी नाही, निर्दोष नाही, मळलेला आणि धुतलेला. आपल्याकडे धुतल्या तांदळासारखा म्हणतात तोच भाव की, फक्त इथे तो कोर्टाच्या दप्तरात लिहिलेला. १५९१ च्या नॉर्थ बेरिक चेटूक खटल्यात अ‍ॅग्नेस सॅम्पसन नावाच्या सुईणीवरच्या आरोपांची यादी वाचली, त्यात एकेक आरोप आणि दर ठिकाणी 'फायलिट', 'फायलिट', 'फायलिट'. खुद्द राजा सहावा जेम्स तिच्या चौकशीला बसला होता. मी ते पान वाचून लायब्ररीतून उठलेच, बाहेर बाकावर जाऊन बसले थोडा वेळ.

हे सगळं मला का लागलं ते पण सांगते. माझ्या जवळच्या नात्यातल्या एकाला एका प्रकरणात अटक झाली होती, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आणि खाली 'गुन्हेगार'. सहा वर्षांनी सुटला, तेव्हा चार ओळी पण नाही आल्या. संशयित, आरोपी, दोषी असे शब्द आपल्याकडे पण आहेतच हो, पण वापरतं कोण. तुमच्याकडे यातलं काही असेल तर लिहा, मला जमवायचंय सगळं.

रानवाट
वा! धागा फार आवडला. माझी भर. इंग्रजीतलं 'रेड हँडेड' हे पण मुळात स्कॉटिश कायद्यातलंच, 'रेड हँड' म्हणजे हाताला रक्त असतानाच धरलेला, पंधराव्या शतकातल्या कायद्यांत आहे तो शब्द. अशा माणसाचा न्याय लगेच, साध्या माणसासारखी तारीख वगैरे नाही. आणि चोर असेल तर 'फँग'सकट धरलेला, फँग म्हणजे पकडलेला माल. आता आपलं पोलिसी मराठी आठवा, 'आरोपीला मुद्देमालासह रंगेहाथ पकडले'. दोन्ही शब्द जसेच्या तसे! एकाने दुसऱ्याकडून घेतले असं मी म्हणत नाही, हात रंगलेला दिसला की कुठल्याही भाषेला तेच सुचणार.
हॉर्नचं लिहा ना पण.

कागदपत्री
लिहिते. एडिंबरोच्या हाय स्ट्रीटवर सेंट जाइल्स चर्चच्या मागच्या अंगाला मर्काट क्रॉस आहे, म्हणजे बाजारचौकातला खांब. आत्ताचं बांधकाम १८८५ चं, पण खांबाचा काही भाग जुना. सरकारी हुकूम इथूनच वाचायचे. एखादा माणूस कोर्टात आला नाही तर राजाचा निरोप्या, 'मेसेंजर ॲट आर्म्स', इथे यायचा, तीनदा ओरडून लोकांना गप्प करायचा, हुकूम वाचायचा आणि मग शिंग तीनदा फुंकायचा. तिसऱ्या फुंकीला तो माणूस राजाचा बंडखोर, 'रेबेल'. याला म्हणायचे 'पुट टु द हॉर्न'. त्याची जंगम मालमत्ता राजाकडे जमा, वर्ष आणि एक दिवस तसाच राहिला तर जमिनीचं उत्पन्न पण. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याला स्वतःची बाजू मांडायला कोर्टात उभं राहायचा हक्कच उरायचा नाही.

कर्जदारांना पण हेच लावायचे. कर्ज बुडवलं म्हणून तुरुंग नाही, राजाच्या नावाने पत्र निघायचं की अमुक दिवसात पैसे दे, दिले नाहीस की राजाची आज्ञा मोडली, म्हणजे तू बंडखोर, आता चल आत. दोन पैशाचं देणं आणि माणूस राजद्रोह्याच्या रांगेत. माफी मिळाली की पुन्हा पत्र निघायचं, त्याला म्हणायचे 'रिलॅक्स्ड फ्रॉम द हॉर्न', शिंगावरून उतरवला.

मी त्या खांबापाशी संध्याकाळी उभी होते, पर्यटक फोटो काढत होते, एक मुलगा बॅगपाइप वाजवत होता आणि मला राहून राहून वाटत होतं की गर्दीत त्या माणसाची बायको उभी असेल का तीन फुंका मोजत.

काळाकोट
उत्तम धागा. वकिलीत आहे म्हणून दोन गोष्टी.

पहिली, शिंगाचा प्रकार आपल्याकडे संपलेला नाही, फक्त शिंग गेलं. जुन्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम ८२-८३, आताच्या नव्या संहितेत ८४-८५. वॉरंट चुकवणाऱ्याला फरारी घोषित करायचं तर ती उद्घोषणा तो राहतो त्या गावातल्या ठळक जागी जाहीर वाचायची, घराच्या दारावर चिकटवायची, कोर्टात लावायची, हजर व्हायला निदान तीस दिवस द्यायचे, आणि मग मालमत्ता जप्त. फरक एवढाच आणि तो फार मोठा आहे, की आपला फरारी परत आला तर त्याला बाजू मांडता येते.

दुसरी, 'नॉट प्रूव्हन'. कागदपत्रीताई, तुम्ही फायलिट-क्लेंझिटवर थांबलात, पुढे यायला हवं होतं. सतराव्या शतकाच्या शेवटाकडे स्कॉटिश ज्युरीचं काम बारीक करून टाकलं होतं, लायबलमधली अमुक हकीकत सिद्ध झाली की नाही एवढंच सांगायचं, 'प्रूव्हन' किंवा 'नॉट प्रूव्हन', दोषी ठरवायचं काम जजचं. मग १७२८ मध्ये फोरफर गावात एक दारूच्या नशेतली मारामारी झाली, फिनहेवनच्या कार्नेगीला एकाने गटारात ढकललं, तो चिखलाने भरलेला उठला, तलवार काढून ढकलणाऱ्यावर धावला आणि मध्ये आलेला अर्ल ऑफ स्ट्रॅथमोर मेला. हकीकत तर सिद्धच होती, लोकांदेखत झालेली, म्हणजे ज्युरीने 'प्रूव्हन' म्हटलं की फाशी. कार्नेगीचा वकील रॉबर्ट डंडास ज्युरीला म्हणाला की तुमचा जुना हक्क आहे, संपूर्ण माणसाबद्दल बोला. आणि ज्युरी बाहेर येऊन म्हणाली 'नॉट गिल्टी'. तेव्हापासून 'नॉट गिल्टी' परत आला पण 'नॉट प्रूव्हन' काही गेला नाही, तीन निकाल झाले. तीनशे वर्षं टिकलं ते. २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने कायदा करून 'नॉट प्रूव्हन' रद्द केला, आणि पंधरातले आठ पुरे होते दोषी ठरवायला, ते पण बदलून दोन तृतीयांश केले.

अबोली
नॉट प्रूव्हन म्हटलं की मॅडेलिन स्मिथ! १८५७, ग्लासगोच्या श्रीमंत घरातली मुलगी, प्रियकराला आर्सेनिक दिल्याचा आरोप. तीन आरोप होते, पहिल्यावर नॉट गिल्टी आणि बाकी दोन्हींवर नॉट प्रूव्हन. सुटली, पण लोकांनी तिला आयुष्यभर सोडलं नाही. म्हणजे क्लेंझिट नाही आणि फायलिट पण नाही, मधेच.
बर्क आणि हेअरच्या खटल्यात पण आहे. डॉक्टरांना प्रेतं विकायला माणसं मारणारे ते दोघं. हेअर सरकारी साक्षीदार झाला आणि सुटला, बर्कला जानेवारी १८२९ मध्ये फाशी, आणि बर्कबरोबर पिंजऱ्यात उभी असलेली हेलन मॅकडूगल, तिच्यावर नॉट प्रूव्हन.

काळाकोट
बरोबर. हेअर म्हणजे 'सोशियस क्रिमिनिस', गुन्ह्यातला साथीदार साक्षीदार, आपल्याकडचा माफीचा साक्षीदार.

आणि हसू नका, आपल्याकडे कायद्यात दोनच निकाल असले तरी तिसरा आहेच. 'संशयाचा फायदा देऊन मुक्तता'. पोलीस भरतीतली मुलं माझ्याकडे येतात, निवड झालेली असते, मग पडताळणीत जुनी केस निघते. निकालपत्र काढून बघतात की सन्मानपूर्वक निर्दोष आहे की संशयाचा फायदा. संशयाचा फायदा असला तर नोकरी नाकारता येते, सुप्रीम कोर्टाने पण हा फरक मानलेला आहे. त्या पोराला कायद्याने सोडलंय आणि तरी त्याच्यावर डाग. मी दर वेळी निकाल वाचताना आधी शेवटचं पान उघडतो, कुठला शब्द घातलाय ते बघायला.

कुंपणावर
सगळं वाचलं, छान आहे, पण मला एक पटत नाहीये. शब्द जास्त म्हणजे न्याय जास्त असा सूर लागतोय धाग्याला. तसं नाहीये. स्कॉटिश कायद्यातला सगळ्यात भयंकर शब्दप्रयोग म्हणजे 'आर्ट अँड पार्ट'. म्हणजे प्रत्यक्ष केलं नसेल पण हात होता. आरोपपत्रातच लिहायचे की 'कर्ता, किंवा आर्ट अँड पार्ट'.

१७५२ मध्ये अ‍ॅपिनच्या रानात कॉलिन कॅम्पबेल नावाच्या सरकारी कारभाऱ्याला कुणीतरी झाडीतून गोळी घातली. हा माणूस जप्त जहागिरीतल्या स्ट्यूअर्ट कुळांना जमिनीवरून काढायला निघाला होता. संशय अ‍ॅलन ब्रेक स्ट्यूअर्टवर, तो पळाला, सापडलाच नाही. मग धरला कुणाला, तर जेम्स स्ट्यूअर्टला, ग्लेनच्या जेम्सला. आरोप काय, तर आर्ट अँड पार्ट. गोळी घालणारा कोर्टात नाही, त्याचा खटलाच झालेला नाही, आणि हा त्याचा साथीदार म्हणून दोषी! खटला इनव्हरॅरीला, म्हणजे कॅम्पबेलांच्या गडात, न्यायासनावर कॅम्पबेलांचा प्रमुख ड्यूक ऑफ अर्गाइल, आणि पंधरा ज्युरींपैकी अकरा कॅम्पबेल. नोव्हेंबरमध्ये बॅलाहुलिशला फाशी दिली आणि प्रेत वर्षानुवर्षं तिथेच टांगून ठेवलं. त्याला पण पॅनेलच म्हणत होते, सगळे शब्द अगदी बरोबर वापरले असणार. काय उपयोग?

कागदपत्री
कुंपणावर, तुमचं म्हणणं मनाला लागलं. मी न्याय जास्त म्हणत नाही. पण तुम्ही आत्ता पावणेतीनशे वर्षांनी इथे बसून तो खटला चुकीचा आहे असं सांगू शकता ते त्या शब्दांमुळेच ना? 'आर्ट अँड पार्ट' लिहिलं म्हणून तर दिसतं की कर्ता त्यांच्याकडे नव्हताच. नुसतं 'गुन्हेगार जेम्स' लिहिलं असतं तर कुणाला काही विचारता आलं असतं का.

मोडीवाला
उशिरा आलो धाग्यावर. आपल्या जुन्या कागदांत पण पायऱ्या आहेत. शिवकाळ-पेशवाईच्या निवाडापत्रांत फिर्याद घेऊन येणारा 'अग्रवादी' आणि ज्याच्यावर आली तो 'पश्चिमवादी'. एक पुढचा, एक मागचा, एवढंच. दोघांत चांगला वाईट कोण हे शब्दात नाहीच. गोतसभेत निवाडा झाला की एक 'खरा झाला' आणि दुसरा 'खोटा झाला', हरलेल्याकडून येजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचा कागद, लिहून घ्यायचे. आणि 'गुन्हेगारी' हा शब्द त्या कागदांत बघाल तर दंडाची रक्कम! इतकी गुन्हेगारी घेतली, म्हणजे इतका दंड वसूल केला. कागदपत्रीताईंच्या नातेवाइकाला लावलेला शब्द कुठून कुठे आला बघा.

पालावरची शाळा
मी बहुतेक फक्त वाचते इथे, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. स्कॉटिश कायद्यात अजून एक शब्द होता, 'हॅबिट अँड रिप्यूट'. म्हणजे लोकांत तशी ओळख असणे. काय केलंस हा प्रश्नच नाही, लोक तुला काय समजतात एवढंच पुरे. १६०९ चा कायदा होता 'इजिप्शियन' लोकांविरुद्ध, इजिप्शियन म्हणजे भटके, जिप्सी, लोकांना वाटायचं ते इजिप्तहून आले, भाषेवरून आता माहीत आहे की त्यांची मुळं आपल्याच उपखंडात आहेत. 'हॅबिट अँड रिप्यूट इजिप्शियन' एवढं सिद्ध झालं की फाशी देता यायची. १७०० मध्ये बॅन्फ गावात जेम्स मॅक्फर्सनला याच शब्दांवर फाशी झाली, १६ नोव्हेंबरला.

मी पारध्यांच्या मुलांना शिकवते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात जन्मलेलं पोरच आरोपी होतं, हजेरी लावायची, गाव सोडायला परवानगी घ्यायची, सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटले, म्हणून 'विमुक्त'. हा 'विमुक्त' शब्द पण बघा ना, कोर्टातून सुटलेल्यासाठीचा शब्द आख्ख्या जमातींना लावावा लागला. माझ्या वर्गातल्या एका मुलाला जवळच्या दुकानात पेन चोरलं म्हणून धरलं होतं, पेन दुकानदाराच्याच खिशात निघालं, आणि तो मुलगा मला म्हणाला, बाई, मी तिथे उभा होतो ना, म्हणून. त्याला शब्द माहीत नव्हता पण हॅबिट अँड रिप्यूट म्हणजे काय ते त्याला आठव्या वर्षी पक्कं माहीत होतं.

रानवाट
पालावरची शाळा, लिहीत जा हो. वाचून सुन्न झालो.

अबोली
+१. परत परत वाचला प्रतिसाद.

उत्तरेचा वारा
मी फाइफमध्ये राहतो, सहा वर्षं झाली. इथून जवळ टॉरीबर्न नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. १७०४ मध्ये तिथल्या लिलियस एडी नावाच्या म्हातारीला शेजारणीने चेटकीण म्हणून डिलेट केलं. तिला कोंडलं, झोपू न देता विचारत राहायचे, सैतानाचं सांग आणि अजून कोण कोण होतं ते सांग. ती खटल्याआधीच कोठडीत वारली. म्हणजे कागदपत्रीताईंच्या हिशोबाने ती कधी पॅनेल झालीच नाही, फायलिट नाही, क्लेंझिट नाही, पहिल्याच पायरीवर संपली. चर्चच्या जागेत पुरली नाही, भरतीचं पाणी येतं तिथे चिखलात पुरून वर भलामोठा दगड ठेवला, परत उठू नये म्हणून. ओहोटीला तो दगड दिसतो, मी पाहिलाय, शेवाळ आलेला, पायाखाली चिखल रुततो तिथे. २०१७ मध्ये डंडी विद्यापीठाच्या लोकांनी तिच्या कवटीच्या जुन्या फोटोंवरून चेहरा तयार केला, साधी आजी दिसते.

चेटूक कायदा १५६३ ते १७३६ होता, त्यात जवळजवळ चार हजार लोकांवर आरोप झाले, बहुतेक बायका. २०२२ मध्ये महिला दिनाला स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जनने संसदेत माफी मागितली.

कागदपत्री
उत्तरेचा वारा, धन्यवाद. एडीबाईंचं मला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी आले की तो दगड बघायला नक्की येईन.

एक शब्द राहिला होता तो देते, 'असॉइल्यी'. आरोपातून मोकळं करणे. लिहिताना त्यात झेड असतो, मी मनात असॉइल्झी असंच वाचत होते, लायब्ररीतल्या बाईंनी हसून दुरुस्त केलं. जुन्या स्कॉटिशमध्ये 'योख' नावाचं एक अक्षर होतं, साधारण य सारखं, छापखान्याकडे तो खिळा नव्हता म्हणून दिसायला जवळचा झेड लावला. मेंझिस आडनाव मिंगिस उच्चारतात ते त्यामुळेच.

काळाकोट
आणि 'थोल्ड हिज असाइझ' राहिलं, माझा सगळ्यात लाडका. थोल म्हणजे सोसणे. एकदा ज्युरीसमोर उभा राहून निकाल लागला की त्या माणसाने 'आपली असाइझ सोसली', पुन्हा त्याच गुन्ह्यासाठी उभं करायचं नाही. आपण 'दुबार खटला चालवता येणार नाही' म्हणतो, त्यात सगळं लक्ष खटल्यावर. त्यांच्या शब्दात लक्ष माणसावर, त्याने सोसलंय. आता त्याला अपवाद झालेत, २०११ च्या कायद्याने भक्कम नवा पुरावा आला तर पुन्हा चालवता येतो. अँगस सिंक्लेअरवर १९७७ च्या दोन खुनांचा खटला २००७ मध्ये कोसळला होता, तो याच कायद्याखाली २०१४ मध्ये पुन्हा चालून दोषी ठरला. दोन मुलींच्या घरच्यांनी सदतीस वर्षं काढली, त्यांचं पण सोसणंच, म्हणून मला तो बदल योग्य वाटतो.

कुंपणावर
'सोसली' हा शब्द मात्र मानला. ताई, मराठीत पॅनेलला काय लिहिणार मग तुम्ही?

कागदपत्री
बरीच डोकेफोड केली त्यावर. 'आरोपी' लिहिलं तर वाचणाऱ्याच्या मनात तो आधीच अर्धा दोषी होतो, आपल्या पेपरांनी त्या शब्दाची तेवढी वाट लावलीये. मोडीवाल्यांचा 'पश्चिमवादी' फार आवडला पण तो दिवाणी वाटतो. सध्या वहीत 'उभा असलेला' असं लिहून ठेवलंय. 'उभा असलेला म्हणाला की मी त्या रात्री घरी होतो.' मोठ्याने वाचून बघा, चालतंय का सांगा.

पालावरची शाळा
चालतंय.